‘इतर’ न लिहिणाऱ्या बाई

शुक्रवार पेठेतल्या बाईंनी मला या कामाला लावलं. हे सगळ्यात आधी लिहून ठेवते. पुढचं सांगताना मी घाबरेन, मधलंच आधी सांगेन, काही गाळेनही. पण एवढं एक वाक्य तरी जागच्या जागी असावं. ‘आलेल्या माणसाला जे सगळ्यात आधी पाहिजे ते दारातच ठेवायचं, त्याला आत फिरवायचं नाही,’ हे बाईंचंच म्हणणं.

आता मी हैदराबादेत असते. दवाखान्याच्या, बँकेच्या, सरकारी खात्याच्या वेबसाइटवर नाहीतर मोबाइलच्या ॲपवर काय वर ठेवायचं, काय खाली, कशाच्या पोटात काय घालायचं आणि त्याला नाव काय द्यायचं, हे ठरवायचं माझं काम. इंग्रजीत त्याला इन्फर्मेशन आर्किटेक्चर म्हणतात. माझ्या गळ्यातल्या ओळखपत्रावर ते छापलंय, आणि लिफ्टमध्ये कुणी ते वाचायला लागलं की मी अजून ओढणी पुढं ओढते. कारण माझं शिक्षण नववी.

आईचा जेऊरहून फोन येतो. “म्हंजी तू तितं नेमकं करतीस काय?”

“लोकास्नी जे पायजे ते सापडंल असं ठेवते.”

“दुकानात हायस व्हय?”

“तसंच समज.”

बाईंना हे सांगितलं तर त्या इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. म्हणाल्या, “तुझ्या आईला जास्त कळलंय. आर्किटेक्ट म्हणे! मला साधा कोनाडा बांधता येत नाही.”

बाईंचं नाव इथं लिहीत नाही, त्यांना आवडायचं नाही. पेठेत सगळे बाईच म्हणायचे. साठीच्या पुढच्या, बुटक्या, चालायला झपाट्याच्या. शेतात खुरपायला जाणाऱ्या बायका साडीवर पुरुषी शर्ट घालतात ना, तसा शर्ट त्या सोलापूरच्या भर बाजारात घालून हिंडायच्या. दोन खिशांसाठी. डाव्या खिशात कोऱ्या चिठ्ठ्या, उजव्यात लिहिलेल्या. रिक्षात, लग्नात, बँकेच्या रांगेत कुणी कुणाला काही विचारलं, की बाईंनी ते त्याच्याच शब्दांत टिपून घेतलंच. एकदा एका मुलीच्या लग्नात मांडव सोडून त्या तासभर चपला काढायच्या जागी उभ्या होत्या. यजमानीण बाई कासावीस. “बाई, जेवून तरी घ्या की!” बाई म्हणाल्या, “थांबा हो. तुमच्या मांडवात हात धुवायचं पाणी कुठंय ते अठ्ठावीस जणांनी विचारलंय. तेवढी पाटी लावते, मग जेवते.” आणि लावली.

मी त्यांना भेटले ती एका तपासणी केंद्राच्या दारात. नववीत असताना आईची कंबर धरली, मागं धाकटी भावंडं, माझी शाळा सुटली ती सुटलीच. एकोणिसाव्या वर्षी सोलापूरला मावशीकडं आले. रक्त-लघवी तपासतात, एक्स-रे काढतात तिथं दाराशी उभं राहायचं आणि आलेल्याला कुठं जायचं ते सांगायचं, असं काम मिळालं. मला दर वेळी वाटायचं, आपण चुकीचं सांगणार आणि कुणीतरी वसकन अंगावर येणार. म्हणून लोक जे विचारतील ते मी वहीत लिहायची आणि आतून विचारून आणलेलं उत्तर त्याच्यासमोर. ‘उपाशीपोटी म्हंजी चा चालतुया का?’ ‘आत बाईमाणूस हाय का फोटू काडायला?’ ‘रिपोट माज्याच हातात द्याल न्हवं, सासूच्या न्हाई?’

त्या केंद्राच्या पाट्यांचं काम बाईंनी घेतलं होतं. आल्या त्या आत गेल्याच नाहीत. दोन तास वॉचमनच्या शेजारी स्टूल टाकून बसल्या. मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, “लोक सगळ्यात जास्त काय विचारतात गं?”

मी वही दिली. पेशंटच्या बाकावर बसून त्यांनी ती पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली, मधे हसल्या, मधे चष्मा पुसला.

“हे करायला कुणी सांगितलं तुला?”

“कुणी न्हाय. मला भ्या वाटतं म्हणून.”

“भ्या वाटतं ते चांगलंय. ज्याला भ्या वाटत नाही, त्याला वाटतं सगळ्यांना सगळं माहीत असतंय. सोमवारपासनं माझ्याकडं ये. शिक्षण किती?”

मी म्हणाले, “दहावी.”

का म्हणाले, देव जाणे. तोंडातून निघून गेलं. “सर्टिफिकेटची झेरॉक्स आण तेवढी,” त्या म्हणाल्या. मी म्हणाले, “उद्या आणते.” त्या उद्याचं पुढं काय झालं ते सांगते, पण तोवर एवढं समजा की पुढचे सात महिने मी रोज त्यांच्या दारात पाऊल टाकताना मनात म्हणायची, आज विचारतील आणि आज घालवतील. आणि मला बाईंच्या ऑफिसच्या त्या दोन खोल्यांतून जायचं नव्हतं. जन्मात पहिल्यांदा माझ्या घाबरटपणाचा कुणाला उपयोग होता.

त्यांच्या ऑफिसच्या दारावर नाव नव्हतं, धंदा काय तेही नव्हतं. एकच पाटी: ‘काय सापडत नाही?’ त्यामुळं कोण कोण यायचं! एक म्हातारा शेळी हरवली म्हणून आला. बाईंनी त्याला बसवून पाणी दिलं आणि अर्धा तास चौकशी केली, शेवटची कुठं चरत होती, कुणाच्या हातचं खाते. संध्याकाळी तो शेळीसकट सांगायला आला, बाईंनी तिला हात लावून बघावं म्हणून. एक बाई आली, म्हणाली, “नवरा सापडत न्हाई दोन दिवस.” बाईंनी चष्म्यावरून बघितलं. “शोधायचाय, का राहू द्यायचाय तसाच?” ती बाई हसत हसत रडायला लागली. मग बाई स्वतः तिच्याबरोबर पोलीस चौकीत गेल्या. त्याची चिठ्ठीही त्यांनी केलीच: ‘हरवलेल्या माणसाचं कुठं सांगायचं.’

हे काम त्यांना कुठल्या कॉलेजात मिळालं नव्हतं. वस्तीतल्या विहारात एक छोटं वाचनालय होतं. चौदाव्या वर्षी तिथली पुस्तकं लावायला त्यांना सांगितलं, तर त्यांनी लेखकाप्रमाणं न लावता कपाटांवर लिहिलं, ‘परीक्षेला बसणाऱ्यांसाठी’, ‘बाळंतपणाला माहेरी आलेल्यांसाठी’, ‘झोप न येणाऱ्यांसाठी’. वडीलधारे चिडले, पण पुस्तकं बाहेर जायला लागली. पुढं गिरणीच्या रेकॉर्ड रूममध्ये कारकून, कापडात बांधलेल्या दप्तरांच्या ढिगात. गिरणी बंद पडल्यावर एका दवाखान्यात केस पेपर. मग कॉम्प्युटर आला. तो त्या पंचेचाळिशीत शिकल्या आणि त्यांच्या लक्षात आलं, की कपाटाच्या जागी स्क्रीन आली तरी दारात उभा असलेला माणूस तोच आहे, तसाच गांगरलेला. पुण्याच्या एका मुलानं त्यांना सांगितलं, तुम्ही जे करता त्याला जगात नाव आहे, लोक त्याचं शिक्षण घेतात. “बरं झालं,” बाई म्हणाल्या. “एवढी वर्षं बिननावाचं केलं.”

त्यांच्या स्वयंपाकघरात साखर तीन डब्यांत होती. एकावर ‘सकाळ’, त्यात चहा-साखर शेजारी शेजारी. एकावर ‘पाहुणे’. एकावर ‘आजारपण’, त्यात साखर, मीठ, सुंठ आणि क्रोसिन. त्यांची बहीण आली की डोकं धरायची. “अगं, साखरेच्या डब्यावर साखर लिही की सरळ!” बाई म्हणायच्या, “ताप आल्यावर तू साखर शोधतीस का? तू बरं वाटायचं काहीतरी शोधतीस.”

कामाची रीत अशी. दवाखान्यात जे जे मिळतं, होतं, विचारलं जातं, त्याची एकेक चिठ्ठी करायची. सगळ्या चिठ्ठ्या जमिनीवर पसरायच्या आणि गल्लीतल्या माणसांना बोलवायचं. भाजीवाला, रिक्षावाला, शेजारची, माग चालवणाऱ्या विणकरांच्या घरातली अक्का. चहा आणि खारी द्यायची आणि म्हणायचं, ज्या ज्या चिठ्ठ्या तुम्हाला एकत्र वाटतात त्यांचे ढीग करा.

“अक्का, ये की, चहा टाकलाय!”

“मळ्ळी चिठ्ठ्या?” अक्का दारातूनच कपाळाला हात लावायची. मळ्ळी म्हणजे तेलुगूत पुन्हा. तिला मराठी वाचता येत नव्हतं, म्हणून मी मोठ्यानं वाचायची आणि ती बोटानं दाखवायची, हे हितं, ते तितं. काम देणाऱ्यांच्या इंजिनिअर साहेबांनी केलेली यादी आणि अक्कानं केलेले ढीग जुळले नाहीत, तर बाई अक्काचं खरं मानायच्या. “साहेबाला वाट माहितीच आहे. पाटी अक्कासाठी लावायची असते.”

मला बाईंनी अक्काची तेलुगू शिकवायची ठरवली ती एका शब्दापासून. एक्कड. म्हणजे कुठं. कानडीत एल्लि, दख्खनीत किदर, आमच्याकडं कुटं. “दुसऱ्या मुलखात गेलीस की आधी हा शब्द शिक. पोटाची भाकर नंतर.” इथं हैदराबादेत पहिल्या दिवशी बसस्टँडवर उतरले, सगळ्या पाट्या गोल गोल अक्षरांच्या, आणि तोंडातून आलं ते एक्कडच.

आता त्यांच्या एका नियमाकडं येते, ज्याच्यापायी माझं काम जवळजवळ गेलं होतं. बाई ‘इतर’ हा शब्द लिहू द्यायच्या नाहीत. ढीग करून झाले की चार-दोन चिठ्ठ्या उरतातच, कशातच न बसणाऱ्या. सगळे लोक त्यांचं एक गाठोडं करतात आणि वर लिहितात ‘इतर’. बाई म्हणायच्या, “इतर म्हणजे आळशाचं कपाट. ज्यात ते आहे त्याला कधीच वाटत नाही की आपण इतर आहोत.” उरलेल्या एका चिठ्ठीसाठी त्या दोन दोन दिवस घालवायच्या. मला तो हट्ट वाटायचा.

सातव्या महिन्यात शहरातल्या एका मोठ्या धर्मादाय दवाखान्याचं ॲप आणि भिंतीवरचे फलक, दोन्हींचं काम आलं. बाईंनी पेशंटच्या सेवांचा भाग माझ्यावर टाकला. चिठ्ठ्या झाल्या, अक्का येऊन गेली, ढीग झाले. शेवटी एक चिठ्ठी उरली. ‘मयत ताब्यात घेणे, शववाहिका, मृत्यूचा दाखला.’

ती चिठ्ठी अक्काला वाचून दाखवायला माझी जीभ रेटली नाही. तिचा दीर नुकताच गेला होता. आणि ठेवणार कशात? बाळंतपण, लसीकरण, तपासण्या, औषधं, कशाच्या शेजारी? बाई त्या आठवड्यात अक्कलकोटला भाचीकडं होत्या. दवाखान्याकडून फोनवर फोन, यादी पाठवा. मी ‘इतर’ केलं. त्यात ती चिठ्ठी टाकली, सोबतीला पार्किंग आणि कॅन्टीन टाकलं आणि पाठवून दिलं. बाई आल्यावर त्यांनी विचारलं, “सगळं बसलं?” मी म्हणाले, “बसलं.” दवाखान्याकडून आलेल्या पक्क्या यादीवर त्यांनी न बघता सही केली. माझ्यावर भरवसा म्हणून. 

काम चालू झालं की बाई एक दिवस ‘दारात बसायच्या’. थर्मासमध्ये चहा घेऊन, त्याच इमारतीच्या दारात, सकाळपासून. कुणाला काही सांगायचं नाही, फक्त बघायचं कोण कुठं अडतंय. त्या दिवशी मीही शेजारी बसले होते. सकाळ चांगली गेली. लोक फलक बघत होते, मोबाइलमध्ये बघत होते, बरोबर वळत होते. बाईंनी मला कोपरानं ढोसलं. “जमलंय की गं.”

साडेअकराच्या सुमारास पटका बांधलेला, चाळिशीचा एक माणूस तिसऱ्यांदा आमच्यासमोरून गेला. हातात मोबाइल, त्याच्याकडं तो बघतच नव्हता. चौथ्यांदा आला तसा माझ्यापुढं उभा राहिला.

“ताई, हितं कुणाला इचारायचं वो?”

“काय पायजे दादा?”

“टेंभुर्णीसनं आलोय. पाटं वडील गेलं माजं. आता त्यास्नी न्यायचंय तर कुटं जायचं, काय कागूद करायचा, कुनी सांगंना. ह्यो म्हनतो त्या खिडकीला जा, त्यो म्हनतो मोबाइलात हाय बगा. मोबाइलात तर समदं जित्या मानसांचंच हाय.”

मला माहीत होतं ते कुठं आहे. ॲपच्या तळाशी, ‘इतर’मध्ये, कॅन्टीनच्या खाली.

मी बाईंकडं बघितलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. एक चिठ्ठी लिहून उजव्या खिशात टाकली, थर्मासचं झाकण लावलं, उठल्या आणि त्या माणसाचा दंड धरला. “चला दादा.” आम्ही तिघं चार खिडक्या फिरलो. बाई पुढं होऊन बोलत होत्या, मी कागद धरत होते. तासाभरात गाडी मिळाली. गाडीत बसायच्या आधी तो वाकून बाईंना नमस्कार करायला लागला, तर त्या मागं सरकल्या. “दादा, मला नका. चूक आमचीच होती.” त्याला कळलं नाही. कळायचं कारणही नव्हतं. पहाटेपासून त्या इमारतीत तो आपल्या बापाचा पत्ता विचारत फिरत होता, एवढंच त्याला ठाऊक होतं.

ऑफिसात परत आलो. मी दारातच उभी राहिले. म्हटलं, घालवायचंच आहे तर सगळं सांगून जावं.

“बाई, इतर मी केलं. ती चिठ्ठी मी टाकली त्यात. मला लाज वाटली कुणाला विचारायला. आणि दुसरं… मी दहावी न्हाय. नववीतनं शाळा सोडली.”

“ते ठाऊक आहे.”

“कवापासनं?”

“सात महिने ‘उद्या आणते, उद्या आणते’ करतीस. कुणाकडं सर्टिफिकेट असलं तर तो पहिल्या दिवशी फ्रेम करून आणतोय.” त्यांनी कपाट उघडलं. प्रत्येकाच्या कागदांचं एक प्लॅस्टिकचं पाकीट असायचं. माझं काढलं. त्यात सर्टिफिकेटच्या जागी माझ्या वहीची झेरॉक्स होती. तपासणी केंद्रातली वही, सगळी पानं. सासूच्या हातात रिपोर्ट देऊ नका तेसुद्धा. “दहावी मी तुझ्या तोंडून ऐकली, ही वही डोळ्यानं बघितली. कुठलं ठेवू?”

मला रडू आवरेना. बाईंना रडणं आवडायचं नाही. त्यांनी मला खारीचा डबा दिला, धरायला काहीतरी म्हणून, आणि खाली बसल्या.

“बस. तुला एक सांगते, ते मी बहिणीलासुद्धा सांगितलेलं नाही. गिरणीत बदली कामगार असायचे. ज्या खात्यात माणूस कमी त्या खात्यात त्यांना पाठवायचे. आज सूतखातं, उद्या रंगखातं. त्यांच्या हजेरीची कार्डं कुठल्याच खात्याच्या कपाटात बसायची नाहीत. मी तेव्हा तुझ्याएवढी. एक कपाट रिकामं होतं, भिंतीला ओल होती. मी त्याच्यावर लिहिलं, ‘इतर’. झकास अक्षरात. गिरणी बंद पडली तेव्हा नोकरीचा पुरावा मागायला हे सगळे आले. कपाट उघडलं तर आत लगदा. वाळवी आणि पाणी. एकेकाची वीस वीस वर्षं, गं. हातात घेतली तर बोटांना चिकटत होती.”

बाहेर अक्काच्या घरातला माग खटखटत होता. 

“तू आज एका माणसाला अर्धा दिवस फिरवलंस,” बाई म्हणाल्या. “मी दोनशे माणसांना जन्मभर फिरवलं. मला कुणी घालवलं नाही. तुला मी कोण घालवणार? पण उद्या साहेबांपुढं यायचं.”

दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या प्रशासकीय अधिकाऱ्यांच्या खोलीत गेलो. त्यांच्या कानावर गेलं होतं. “ही यादी नेमकी कोणी केली? शिक्षण काय त्यांचं?” साहेबांनी विचारलं.

“यादी माझी,” बाई म्हणाल्या. “सही माझी. शिक्षण बी.ए., थर्ड क्लास. लिहून घ्या.”

मग बाई म्हणाल्या, मयताचं हे पहिल्या पानावर पाहिजे. साहेब दचकले. “पहिल्या पानावर मरण? अहो, दवाखाना आहे हा! लोक येतील का? आणि लिहिणार काय, मृतदेह हस्तांतरण?”

मी बोलायचं नव्हतं. पण ओठावर आलंच. “साहेब, तसं कुणी विचारत नाही. मी दाराशी उभी असायची, तिथं लोक म्हणायचे, आमचा माणूस गेला, आता काय करायचं? तेवढंच. मयत म्हणत नाहीत, दाखला म्हणत नाहीत. आमचा माणूस म्हणतात.”

साहेबांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, “ठीक आहे. घाला. पण सगळ्यात खाली घाला.”

“खालीच बरं,” बाई म्हणाल्या. “त्या वेळेला माणूस खालीच बघत असतो.”

ती ओळ अजून तिथं आहे. ‘आमचा माणूस गेला, आता काय करायचं?’ मी अधूनमधून ॲप उघडून बघते. जागेवर आहे ना.

पुढं दीड-दोन वर्षांनी त्याच साहेबांचा फोन आला. आवाजात आनंद. “बाई, आता तुमचं मांडणीचं काम संपलं बघा. नवीन यंत्र बसवलंय, एआय. लोकांनी नुसतं विचारायचं, ते मराठीत उत्तर देतं. पाट्या नकोत, याद्या नकोत.” फोन स्पीकरवर होता, मीही ऐकलं. म्हटलं, संपलंच. आत्ता कुठं हाताला काम लागलं होतं, आत्ता कुठं मी आईला पैसे पाठवत होते.

बाईंनी शांतपणे मोबाइल काढला आणि यंत्राला लिहिलं, ‘माझा माणूस गेला. आता काय करू?’

यंत्रानं फार गोड उत्तर दिलं. आपल्या दुःखात सहभागी आहोत म्हणालं. आणि सांगितलं, जुन्या इमारतीत खिडकी क्रमांक नऊ.

जुनी इमारत पाडून वर्ष झालं होतं.

मला वाटलं बाई चिडतील. त्या चक्क खूश झाल्या. खुर्चीत सरळ होऊन बसल्या. “बघितलंस? खोटं नाही बोललं ते. आपण दवाखान्याला दिलेल्या गठ्ठ्यात तो जुना कागद जिताच होता, त्यानं वाचून दाखवला. यंत्राला विचारा नाहीतर भिंतीला, ते शेवटी कुणीतरी ठेवलेल्यातनंच सांगणार. आता पाट्या कमी होतील, मान्य. पण कुठला कागद जिता आणि कुठला मेलेला, कुठल्या शब्दाचा अर्थ कुणाच्या तोंडी काय, हे लावून द्यायचं काम वाढणार.” मग म्हणाल्या, “दहा वर्षांनी काय, ते मला नाही सांगता येत. नाव बदलंल कामाचं. बदलू दे. माझ्या वेळी नावच नव्हतं.”

हैदराबादच्या एका कंपनीला अशी माणसं हवी होती, मराठी येणारी, यंत्रापुढं ठेवायचे कागद निवडणारी. बाईंनीच माझं नाव कळवलं. मी म्हटलं, “मला न्हाय जमायचं, ते सर्टिफिकेट मागतील.” बाईंनी पाकिटातली वहीची झेरॉक्स काढून पोस्टानं पाठवून दिली, सोबत दोन ओळींचं पत्र. पत्रात काय लिहिलं ते मला कधी सांगितलं नाही. मुलाखतीला बसले तेव्हा समोरच्या मॅडमच्या टेबलावर ती पानं होती आणि त्यांनी पेन्सिलीनं एका ओळीखाली रेघ मारलेली होती. सासूच्या.

आता इथं मी कंपनीत एक तास आधी पोचते, कारण उशीर होईल असं वाटतं. पाठवलेली यादी चार वेळा उघडते. एखादी चिठ्ठी उरली की दोन दोन दिवस घालवते, आणि बरोबरची पोरं म्हणतात, “अदर्स लिहून टाक ना, कोण बघतंय?” मी हसते आणि पहिल्यापासून ढीग करायला बसते. जेवायच्या सुट्टीत झाडूवाल्या मावशीला बोलावते. मळ्ळी, म्हणते, आणि ती अक्कासारखाच कपाळाला हात लावते.

गेल्या खेपेला सोलापूरला गेले तेव्हा बाईंनी मला आतली खोली दाखवली. चार पत्र्याच्या ट्रंका. चाळीस वर्षांच्या चिठ्ठ्या. रिक्षातल्या, रांगेतल्या, मांडवातल्या, दारात बसून टिपलेल्या. सोलापूर आणि आसपासच्या माणसांनी विचारलेलं सगळं कुठं, सगळं कसं. आणि लावलेलं काहीच नाही, नुसतं भरलेलं.

“बाई! तुमचंच असं?”

“माझं मी लावलं तर मलाच सापडंल. दुसऱ्यानं लावायचं असतंय,” त्या म्हणाल्या आणि झाकण लावलं. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना बारीक अक्षर दिसत नाही. शर्टाचे दोन्ही खिसे मात्र फुगलेलेच होते.

बाई, मी दहावीला बाहेरून बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरलाय. केंद्र सोलापूरच घेतलंय. पास होईन का नाही, भ्या वाटतंय, गणिताचं तर लईच. पण पेपर संपल्यावर मी लगेच परत जाणार नाही, आणि ती सुट्टी पुरली नाही तर पुढच्या सगळ्या सुट्ट्या आहेत. तुमच्या चारही ट्रंका मी जमिनीवर पसरून लावीन. अक्काला बोलवीन, खारी आणीन, मोठ्यानं वाचून दाखवीन, जी वाचवत नाही तीसुद्धा. कितीही वर्षं लागू देत, एकही चिठ्ठी ‘इतर’मध्ये जाणार नाही. त्यातली एक कुठं जाणार ते मला आत्ताच ठाऊक आहे. टेंभुर्णीच्या दादाची. ती दारातच ठेवीन.